मडक्यांच्या छताखालची सभा

आबा,

उद्या मंडळाची सभा आहे आणि मला भाषण सुचत नाहीये. सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसलेय, पण ‘सन्माननीय सभासद’च्या पुढे गाडी हलत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “भाषण कशाले? काम सांग नि मोकळी हो.” म्हणून म्हटलं, आधी तुम्हालाच सांगते. मंडळाच्या वरच्या मजल्यावर, मडक्यांच्या छताच्या आपल्या त्या खोलीत बसलेय. बाहेर जळगावचं ऊन नुसतं फणफणतंय, रस्त्यावर कुत्रंही नाही. पंखा मी मुद्दाम बंद ठेवलाय. वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून तुम्ही दिलेला पितळी ओळंबा त्यावर ठेवलाय, अशी खोटी सबब मी मघाशी शिपायाला सांगितली. पंखाच बंद, तर वारा कुठला? पण तो ओळंबा जवळ असला की मला बरं वाटतं, बास.

आज मी इतकी खुशीत का आहे ते सांगायचं तर मागे जावं लागेल. तुम्ही धुळ्याला पांझरेच्या काठी हातात थापी घेऊन कामाला सुरुवात केलीत, जळगावात येऊन ठेकेदार झालात, आणि नव्वद साल उजाडेपर्यंत गावातल्या बांधकामवाल्यांच्या आणि माल विकणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष झालात. पण थापी धरणाऱ्याची एक सवय तुमच्यातून गेली नाही. घराची चावी मालकाला देण्याआधी तुम्ही त्या घरात भर दुपारी जेवायला बसायचात. डबा घरचा, खाली पोतं, पंखा नाही. कपाळावरचा घाम ताटात पडला तर घर नापास! मग एखादा झरोका वाढवायचा, छज्जा लांबवायचा. तरीही घाम पडलाच तर “वैशाखच तसा आहे, त्याला मी काय करू?” म्हणत हात धुवायचात. आणि दुसरी सवय अंगठ्याची. डोक्यात काही शिजायला लागलं की तुमच्या उजव्या पायाचा अंगठा हलायला लागायचा. बाकी जग तुमच्या तोंडाकडे बघायचं, आई आणि मी पायाकडे बघायचो. “त्यासना अंगठा हाली राहिना,” आई मला हळूच म्हणायची, “काहीतरी शिजी राहिनं.”

आपलं जुनं धाब्याचं घर पाडून तुम्ही गल्लीतलं पहिलं स्लॅबचं घर बांधलंत तेव्हा मी शाळेत होते. केवढा रुबाब! पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पसरायची कटकट गेली, गळती गेली, पाहुणे वर बघून “वा!” म्हणायला लागले. आणि पहिल्याच उन्हाळ्यात आईचं स्वयंपाकघर पेटलं म्हणायचं. स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्रभर ते ऊन खाली ओतत राहायचा. आई स्टो उचलून मागच्या पडवीत गेली. दुपारी जिन्याखालच्या सांदीत ओलं पातळ पांघरून पडायची, पण डोळा लागायचा नाही. धाब्याच्या घरात तिची दुपारची झोप म्हणजे गावात प्रसिद्ध होती, शेजारणी सांडगे घालायला यायच्या आणि तिला उठवायचं धाडस कुणी करायची नाही. “धाबं गयं नि झोप बी गई,” असं ती एकदाच बोलली. तुम्ही ताटावरून न जेवता उठलात, कारण त्या स्लॅबवर तुमचा जीव होता.

मी धुळ्याला देवपुरात कॉलेजात शिकले ती याच रागापोटी, हे तुम्हाला कधी कळलं का? स्थापत्याचा कोर्स, वर्गात बोटांवर मोजण्याइतक्या मुली. सुट्टीत घरी आले की तुमच्या साइटवर यायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, “आबा, पश्चिमेला एवढी मोठी खिडकी का?” एकदा तुम्ही इतके भडकलात! मालक उभा, गवंडी उभे, आणि तुम्ही मला म्हणालात, “व माय, तुन्हं कॉलेज देवपूरलेच ठेवीसन येत जाय. आठे घर बांधानं शे.” माझे कान लाल झाले. महिनाभर मी साइटवर पाय ठेवला नाही. पण निकाल लागला त्या दिवशी तुम्ही तुमचा स्वतःचा ओळंबा माझ्या हातात ठेवलात, दोरी नवीन बांधून. पेढे नाहीत, कौतुक नाही, फोटो नाही. मी तो उशाशी घेऊन झोपले आणि आईनं मला सकाळी वेड्यात काढलं.

मग आला तो नियम. नगरपालिकेत एक तरुण साहेब आले होते, त्यांच्या डोक्यात हेच खूळ. त्यांनी मला बोलावलं आणि आम्ही दोघांनी मिळून मसुदा केला. गावातल्या प्रत्येक नव्या इमारतीला चार गोष्टी हव्यात: ऊन अडवणारं छत, समोरासमोर खिडक्या, गच्चीचं पाणी जिरवायला शोषखड्डा आणि प्लॉटवर एक तरी सावलीचं झाड. आज याला हरित इमारत म्हणतात, तारे देतात, प्रमाणपत्रं देतात. तेव्हा शब्दच नव्हता हो, आम्ही त्याला नुसतं ‘थंड घर’ म्हणायचो! माझा तो पहिलाच मोठा उद्योग. रात्रंदिवस तेच, जेवताना तेच, आईला नकोसं केलं मी. पण साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, “बाई, बांधकामवाल्यांच्या मंडळानं पाठिंबा दिला तर हा नियम सभागृहात जाईल. त्यांनी नाही म्हटलं तर कुणी हात लावणार नाही, बासनात जाईल.” आणि मंडळ म्हणजे कोण? तुम्ही. आणि तुमच्या उजव्या हाताला बसणारे सिमेंटवाले नाना, सिमेंटबरोबर बांधलेली घरंही विकणारे, ज्यांचा आवाज गोलाणी मार्केटच्या पलीकडे ऐकू जायचा.

नाना पहिल्याच बैठकीत कडाडले. “गिऱ्हाइक फरशी बघतं, नळ बघतं, रंग बघतं. छतावर काय आहे ते बघायला शिडी लावतं का? उद्या ही पोरगी म्हणेल, घराला गोधडी पांघरा!” सगळे हसले. तुम्हीही हसलात, आबा. घरी येऊन मी आदळआपट केली, तर तुम्ही जिन्यात बसून शांतपणे पायावर पाणी घेत होतात. म्हणालात, “नाना काय चुकीचं बोलला? मी पण तेच म्हणतो.” आणि मग थोड्या वेळानं, पाय पुसता पुसता, “मंडळाचं ऑफिस बांधतोय. वरच्या मजल्याला दोन खोल्या आहेत, सारख्या. एक तुझी, एक माझी. माझीवर नुसता स्लॅब. तुझीवर काय घालायचं ते घाल.” मी उडीच मारली! त्या आनंदात तुमच्या अंगठ्याकडे बघायचं मात्र राहून गेलं.

माझ्या खोलीवर मी मडकी घातली. पहूरच्या कुंभाराकडून लहान मडक्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला तेव्हा रस्त्यावरची माणसं विचारायला लागली, कुणाकडे लग्न आहे? स्लॅबवर मडकी उपडी, शेजारी शेजारी, मधल्या फटींत विटांचे तुकडे आणि चुना, आणि वर पांढऱ्या फरशीच्या कपच्या. आईला पटेना. ती मांडे करायची ना, उपड्या खापरावर. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आवं, खापर उपडं घातलं की तापतं, हे मी जन्मभर बघतेय. तू मडकं उपडं घालून गार कशी करशील?” मी म्हटलं, आई, खापराच्या पोटात जाळ असतो, माझ्या मडक्याच्या पोटात नुसती हवा कोंडलेली. ती हवा उन्हाला खाली येऊ देत नाही. “माय व!” एवढंच म्हणाली आणि पुन्हा खापराकडे वळली. तिचा विश्वास बसला नव्हता, पण लेकीला हसायचं नाही एवढं तिनं पाळलं.

काम पूर्ण झालं आणि वैशाख आला. एका दुपारी तुम्ही डबा घेऊन एकटेच वर गेलात. अर्धी भाकरी तुमच्या खोलीत खाल्लीत, अर्धी माझ्या. मी खाली जिन्यापाशी जीव मुठीत धरून उभी. तुम्ही उतरलात, डबा माझ्या हातात दिलात आणि सायकलवर टांग मारून गेलात. काय माणूस होतात तुम्ही! संध्याकाळी आईला म्हणालात, “परवा मंडळाची सभा ठेवलीय. सगळ्यांना आधी जेवण. रस आणि मांडे.” आई म्हणाली, मीटिंगले चहा-चिवडा पुरे. आणि मी तर खवळलेच. आबा, चार वाजता साहेब पाठिंबा घ्यायला येणार, त्याआधी चर्चा व्हायला हवी, मी तक्ते केलेत, आकृत्या काढल्यात, आणि तुम्ही आखाजीच्या सणाचं जेवण घालताय? तुम्ही म्हणालात, “उपाशी माणसाकडे पाठिंबा मागतात का कधी?” यावलहून केळीची पानं आली, पिकायला ठेवलेले आंबे माचीतून निघाले आणि आई दोन शेजारणींना घेऊन पहाटेपासून खापराला चिकटली.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मंडळी वर येतायत, टोप्या काढतायत, उपरण्यांनी वारा घेतायत. “कुठं बसायचं?” असं कुणी विचारलं तर तुम्ही म्हणताय, “दोन खोल्या आहेत, आवडेल तिथं बसा.” नाना मुद्दाम तुमच्या खोलीत जाऊन मधोमध मांडी ठोकून बसले. मोठ्यानं म्हणाले, “आपल्याला नुसता स्लॅबच बरा! गोधडीखाली कोण जेवणार?” आणि त्यांच्या मागोमाग अर्धी पंगत तिकडे गेली. माझ्या खोलीत टाइल्सवाले, सळईवाले आणि ज्यांना नानांचा कंटाळा आला होता असे थोडे. पानं मांडली. रसाच्या बादल्या फिरायला लागल्या. पंखे दोन्ही खोल्यांत गरगरत होते, त्यामुळे खरं सांगायचं तर फारसा फरक कळत नव्हता. तेवढ्यात वीज गेली! आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाण्याबद्दल मी जितक्या शिव्या दिल्या असतील तितक्या त्या दिवशी परत घेतल्या.

पहिला मांडा संपेपर्यंत तुमच्या खोलीतले आवाज बदलले. हाश्‌हुश्‌ सुरू झालं. मग एक जण पान दोन्ही हातांनी सांभाळत, रस सांडू न देता, माझ्या खोलीत आला. “जरा सरका हो.” मग दुसरा. मग चौघं एकदम. मी दारात वाढायला उभी, माझे पाय जमिनीवर ठरेनात! नाना शेवटपर्यंत तिकडे एकटे. मानेवरून घाम ओघळतोय, सदरा पाठीला चिकटलाय, पण हट्ट सोडतील तर ते नाना कसले. त्यांच्या कपाळावरून एक थेंब टपकन रसात पडला. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. तुमची जेवणाची परीक्षा सगळ्या मंडळाला ठाऊक होती. मग उठले, “पाणी प्यायला आलो” म्हणत माझ्या खोलीच्या उंबऱ्यात आले, पाणी प्याले, आणि भिंतीला हात लावून तिथंच थांबले. “पाठ टेकतो जरा,” म्हणाले. “नंतर चर्चा करू.”

आणि झाली हो चर्चा! अहो, खान्देशातल्या माणसाला वैशाखात भर दुपारी रस-मांडे पोटभर खाऊ घालायचे आणि मग सभा घ्यायची, ही चूक फक्त आपलीच माणसं करू जाणोत. मी खालून तक्ते घेऊन वर येते तर काय, अख्खं मंडळ आडवं! टाइल्सवाले भिंतीशी, सळईवाले खिडकीखाली, नाना सगळ्यात मधे हातपाय पसरून, आणि सगळ्यांच्या आधी आडवे झालेले म्हणे तुम्ही, तोंडावर उपरणं टाकून. नानांच्या घोरण्यानं खिडकीची तावदानं वाजत होती. माझा संताप संताप झाला. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि सभा गेली झोपेत! तीन वाजले. मी खोकले, भांडी आपटली, “नाना, चहा” म्हणून ओरडले. कुणी कूस बदलली नाही. चार वाजले आणि साहेब आले. धुळीनं माखलेले, हातात फाइल. दारात उभे राहून त्यांनी ती आडवी पडलेली मंडळी बघितली. “सभा?” त्यांनी मला कुजबुजत विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी तक्त्यांची गुंडाळी घोरणाऱ्या नानांकडे केली. साहेबांनी बूट काढले, आत आले, वर छताकडे बघितलं, बंद पंख्याकडे बघितलं, आणि नानांच्या शेजारी मांडी घालून बसले. थोड्या वेळानं त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. मी म्हटलं, झालं, हेही गेले.

मला राहवेना. मी जाऊन नानांचा खांदा हलवला. ते डोळे चोळत उठले, लालबुंद, आणि माझ्यावरच खेकसले, “काबरं उठाडं व माले? चांगली झोप लागेल व्हती!” मग त्यांना वीज नसल्याचं दिसलं. पंखा स्थिर. घड्याळात चार वाजून गेलेले. कपाळाला हात लावून बघितला, कोरडा. ते उठून तुमच्या खोलीत गेले, उंबऱ्यातूनच माघारी फिरले, आणि ज्या आवाजात मला गोधडीवरून हसले होते त्याच आवाजात गरजले, “उठा रे बठ्ठा! उठा! हाई झोप इकानी शे आपले! थंडं घर इकसूत आपण! गिऱ्हाइकले दुपारले बोलावा, जेवाले घाला, नि झोपाडा! शिडी कशाले लागस?” सिमेंट विकणारे नाना आता झोप विकायला निघाले होते! सगळे धडपडून उठले, कुणाच्या गालावर चटईचे वळ, कुणाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. तुम्ही उपरणं बाजूला केलंत, उठून बसलात आणि फक्त एवढंच म्हणालात, “मग हात वर करा.” सगळे हात वर गेले, आबा! साहेबांचाही गेला, त्यांचा मतदानाशी काही संबंध नसताना. मी हातातले तक्ते उघडलेसुद्धा नाहीत.

नियम झाला, पण सभागृहात झाडाची अट गळाली. नानांनी मात्र खरोखर घरं दुपारी दाखवायला सुरुवात केली आणि गावात तो शिरस्ताच पडला. आणि तुम्ही, बाकीच्या कामांच्या आधी, पहूरहून ट्रॅक्टर मागवलात तो आपल्या स्वतःच्या घरासाठी. ज्या स्लॅबबद्दल एक शब्द ऐकून घ्यायचा नाहीत, त्यावर तुम्ही स्वतः उकिडवे बसून मडकी लावलीत, ठेकेदार असून, अध्यक्ष असून, डोक्याला पंचा बांधून. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी घरात धाडकन दार लोटून आले, तर तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. “बोलू नको. माय झोपेल शे तुन्ही.” आत आई स्वयंपाकघराच्या फरशीवर, हात उशाशी घेऊन, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. तुम्ही दारात उभे राहून तिच्याकडे बघत होतात. मी आयुष्यात पुष्कळ इमारती बांधल्या आबा, पण तुमचा तो चेहरा मला त्या सगळ्यांहून जास्त आवडतो.

आता उद्याचं. मंडळाची अध्यक्ष मी आहे, ऐकताय ना? आणि गावात काचेच्या इमारती यायला लागल्यात. काच! जळगावात! वैशाखात! त्याला आवर घालणारे नवे नियम मी तयार केलेत, झाडाची अट परत घातलीय, पहिल्या कलमात. मंडळाचा पाठिंबा मिळाला तर महापालिका घेणार, नाहीतर पुन्हा बासनात. आणि विरोधात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, सांगा बरं? नानांच्या नातवाचा. आवाज अगदी आजोबांचाच आहे, मला तर ऐकून मजाच वाटली. मघाशी मी शिपायाला यादी दिली: केळीची पानं, आंबे, आणि आईच्या हाताखाली शिकलेल्या त्या मावशींना मांड्यांचा निरोप. जेवण बारा वाजता, सभा नंतर.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलून दाखवली नाही, ती आता सांगते. त्या दुपारी सगळे घोरत होते आणि मी रागानं दारात उभी होते, तेव्हा माझी नजर तुमच्या पायांकडे गेली होती. उपरण्याखाली तुम्ही अगदी गाढ झोपल्यासारखे, श्वास संथ, पण उजव्या पायाचा अंगठा हलत होता. चांगला जोरात हलत होता. तेव्हा मला कळलं की आखाजीचं जेवण का, आवडेल तिथं बसा का, आणि सगळ्यांच्या आधी आडवं कोण झालं आणि का. चर्चा झाली असती तर नाना जिंकले असते, हे तुम्हाला माहीत होतं. मी काही बोलले नाही, तुम्हीही मरेपर्यंत काही बोलला नाहीत. ही चिठ्ठी आता मी ओळंब्याखालीच ठेवते, पाठवणार तरी कुठं. उद्या जेवणं झाली की सगळ्यांच्या आधी मीच आडवी होणार आहे, तोंडावर पदर घेऊन. अडचण एकच आहे, आबा. मला तुमच्यासारखं सोंग जमणार नाही. या खोलीत मला खरंच झोप लागते.